दुबई ते वसई: दादाला घरी आणण्याचे सात दिवस

२३ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार. रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनवर दादाचं नाव दिसलं म्हणून मी झोपेतच "बोल रे" म्हणाले. पलीकडे दादा नव्हता. त्याचा रूममेट होता, तेलंगणाचा. दादा त्याला अण्णा म्हणायचा, म्हणून आम्ही घरचे सगळेच अण्णा म्हणतो. तो हिंदीत एवढंच म्हणाला, "बहन, घर में कोई बड़ा जागा है क्या?" तेवढ्यावरून मला कळलं.

दादा एकेचाळीस वर्षांचा होता. दुबईत नऊ वर्षं एका मेंटेनन्स कंपनीत एसी टेक्निशियन होता. जेवून झोपला, छातीत कळ आली म्हणून उठून बसला, आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत गेला. इकडे वसईत आई-बाबा, वहिनी, दोन मुलं आणि मी. मी पतपेढीत काम करते, कागदांची सवय आहे, म्हणून घरात न ठरवताच हे काम माझ्याकडे आलं.

त्या रात्री मी मोबाईलवर पहिलं काय शोधलं असेल तर 'दुबईहून मयत आणायला किती खर्च येतो'. शोधताना लाज वाटत होती. भाऊ जाऊन दोन तास झाले नाहीत आणि मी पैसे मोजतेय, असं वाटत होतं. आता वाटत नाही. घरात त्या रात्री बँकेत किती रुपये आहेत हे कुणीतरी बघावंच लागतं. पण शोधून मला जे मिळालं त्यात पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत सगळे आकडे होते आणि कोणता कशाचा, ते कुठेच नव्हतं. नंतर आमच्याच भागातल्या दोन घरांना मी फोनवर हे सगळं सांगितलं. दुसऱ्या वेळी सांगताना ठरवलं की एकदा नीट लिहूनच काढायचं.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

मृत्यू दवाखान्यात न होता खोलीत झाला तर पोलीस येतात, हे पहिलं लक्षात ठेवा. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. दादाला पोलिसांच्या शवागारात नेलं, डॉक्टरांनी तपासून मृत्यू नैसर्गिक असल्याचं नोंदवलं की मग पुढची चाकं फिरतात. अण्णाचा जबाब घेतला, तेव्हा तो रात्रभर तिथेच होता.

सकाळी आठ वाजता मी कंपनीच्या एचआरला फोन लावला. तिकडे साडेसहा वाजले होते, कुणी उचलला नाही. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, हे सात दिवस मी मनगटावर दोन घड्याळं असल्यासारखी जगले. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी सरकारी कार्यालयं दुपारी बाराला बंद होतात. म्हणजे आमच्या हातात होता अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसात एवढंच झालं की कंपनीला अधिकृतपणे कळवलं गेलं आणि दादाचा पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात कुठल्या फाईलला आहे ते समजलं.

दुपारी एचआरचा फोन आला. बाई चांगल्या बोलल्या, सांत्वन केलं, आणि मग म्हणाल्या की एक एजंट आहे, तो सगळं करतो, पैसे तुम्ही भरा, बिलं पाठवा, कंपनी नंतर बघेल. एजंटाने व्हॉट्सअॅपवर आकडा पाठवला: साडेतेरा हजार दिरहम. त्या दिवशीच्या दराने तीन लाखांच्या वर. खाली लिहिलं होतं, आज दुपारपर्यंत अर्धे भरले तर सोमवारी काम सुरू करतो.

वहिनीने कपाटातून पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. काही बोलली नाही. मी त्या परत तिच्या हातात दिल्या आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांब.

थांब म्हणाले खरं, पण का थांबायचं ते मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं. फक्त एवढं दिसत होतं की शुक्रवारी पैसे भरले काय आणि सोमवारी भरले काय, ऑफिसं सोमवारीच उघडणार. घाई एजंटाची होती, दादाची नव्हती.

संध्याकाळी दोन ठिकाणी संपर्क केला. एक, परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवली. २०१५ पासून हे पोर्टल चालू आहे, परदेशातल्या भारतीयांच्या अडचणींसाठी. नोंदणी क्रमांक मिळाला तो पुढे प्रत्येक ईमेलमध्ये वर लिहीत गेले. दोन, अण्णाने तिथून प्रवासी भारतीय सहायता केंद्राला फोन लावला. यूएईतून ८००४६३४२ हा नंबर फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही उचलतात. तिथल्या माणसाने अण्णाला सांगितलेली एक गोष्ट आमच्यासाठी सगळ्यात मोलाची ठरली: तिथल्या कामगार कायद्यानुसार कामगार वारला आणि घरच्यांनी मागणी केली, तर पार्थिव तयार करून मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा असतो. हा २०२१ चा कायदा आहे, डिक्री-लॉ क्रमांक ३३. आणि पगार, ग्रॅच्युइटी वगैरे देणं दहा दिवसांत घरच्यांना द्यायचं, हेही त्यातच आहे.

रात्री मी कंपनीला ईमेल लिहिला. चार ओळींचा. भांडण नाही, आरोप नाही. 'आमच्या कुटुंबाची मागणी आहे की पार्थिव मुंबईला पाठवावं. कायद्याप्रमाणे हा खर्च कंपनीचा आहे. कृपया सोमवारी सकाळी तुमचा पीआरओ कोणत्या वेळेला कुठे जाणार ते कळवा.' पीआरओ म्हणजे कंपनीची सरकारी कार्यालयांतली कामं करणारा माणूस. ईमेलखाली वहिनीचं नाव आणि सही. मागणी घरच्यांनी करायची असते, म्हणून ती लेखी हवी. फोनवर शंभरदा सांगितलेलं कुठे नोंदलं जात नाही.

शनिवार-रविवार

हे दोन दिवस कामाच्या दृष्टीने रिकामे होते, म्हणून सगळ्यात जड गेले.

शनिवारी बाबांच्या चुलतभावाने विचारलं, तिथेच का दफन करत नाही? जबेल अलीला ख्रिस्ती दफनभूमी आहे, फादर आहेत, सगळं रीतसर होतं. खर्च वाचेल, दिवस वाचतील. त्यात वाईट काहीच नव्हतं. मला स्वतःला ते काही क्षण पटलंही. वहिनी मुलांना घेऊन विमानाने जाईल, व्हिसा किती दिवसांत मिळतो, असा विचार मी करूही लागले होते. दोन्ही बाजूंनी मन ओढत होतं.

बाबा ओटीवर बसले होते. सत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर वाडीत केळी नि पानवेल केली. ते म्हणाले, "तो दर रजेला आला की पहिला आजीच्या थडग्यावर जायचा. मग घरी यायचा." एवढंच. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

तुमच्या घरी हा प्रश्न निघाला तर दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, हे मी मनापासून सांगते. फक्त उत्तर पहिल्या दोन दिवसांत ठरवा. कॉन्सुलेटचं, म्हणजे तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं, ना-हरकत पत्र पार्थिव मायदेशी नेण्यासाठी की तिथेच अंत्यविधीसाठी, याप्रमाणे वेगळं असतं. अर्धे कागद झाल्यावर मत बदललं की सगळं पुन्हा.

रविवारी मिस्सेनंतर फादरना भेटले. उपवासकाळ चालू होता, चर्चमध्ये जांभळी वस्त्रं. फादरनी तारीख विचारली, मी म्हणाले माहीत नाही. ते म्हणाले, "तारीख तू सांगू नकोस. विमान सुटलं की फोन कर. बाकी आमच्यावर सोड." त्या आठवड्यात मला कुणी काही विचारायचं थांबवलं असेल तर ते त्यांनीच.

त्या दुपारी मी एक वही केली. पानावर दोन रकाने: कागद आणि तो कुणाकडे आहे. शेवटपर्यंत सगळं त्या वहीवर चाललं. पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) यांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकले. वहिनीकडून हाताने लिहिलेलं संमतीपत्र घेतलं: मी मृताची पत्नी, पार्थिव मुंबईला पाठवावं, तिथल्या कागदांवर अमुक व्यक्ती सही करेल, मुंबईत माझी नणंद ताब्यात घेईल. अण्णाने ते दोन ठिकाणी दाखवलं आणि दोन्ही ठिकाणी ते लागलंच.

सोमवार, २६ फेब्रुवारी

सकाळी कंपनीचं उत्तर आलं. एजंटाचा उल्लेख त्यात नव्हता. पीआरओ नऊ वाजता पोलीस ठाण्यात पोहोचेल, असं होतं. ईमेलमुळे की कॉन्सुलेटकडून त्यांना फोन गेला म्हणून, ते मला कधीच कळलं नाही.

क्रम असा होता. पोलिसांचं पत्र, मग आरोग्य खात्याकडून मृत्यूचा दाखला, मग कंपनीने व्हिसा रद्द करणं, मग भारतीय कॉन्सुलेट, पुन्हा पोलीस, मग एम्बामिंग (पार्थिव टिकावं म्हणून करतात ती रासायनिक प्रक्रिया), मग कार्गो. एकही पायरी गाळता येत नाही आणि एकही पुढे-मागे करता येत नाही. त्यामुळे एका ठिकाणी अर्धा तास उशीर झाला की पुढचं सगळं दुसऱ्या दिवसावर जातं.

आमचं तसंच झालं. दुपारी दाखला हातात आला, अण्णाने फोटो पाठवला आणि मी पतपेढीतल्या सवयीने अक्षर न् अक्षर वाचला. आडनावातलं शेवटचं अक्षर चुकलं होतं. आमची आडनावं पोर्तुगीज वळणाची, ती आधी अरबीत लिहिली गेली आणि अरबीतून परत इंग्रजीत येताना एका अक्षराने बदलली. पीआरओ म्हणाला, चालून जाईल. मी म्हणाले, दाखला बदलून घ्या. तो वैतागला, पण गेला. काउंटर बंद होत होतं, दुरुस्ती मंगळवारवर गेली.

एक दिवस वाया गेला असं त्या संध्याकाळी घरात सगळ्यांना वाटलं, आईलाही. पण पुढे एलआयसी, बँक, मुलांची कागदपत्रं, सगळीकडे हाच दाखला लागला. तिथल्या तिथे दुरुस्त झालं नसतं तर वसईत बसून दुबईतलं एक अक्षर बदलायला किती महिने गेले असते कोण जाणे. नाव, वडिलांचं नाव, पासपोर्ट क्रमांक, मृत्यूची तारीख: या चार गोष्टी पासपोर्ट शेजारी ठेवून ताडून बघा, आणि माणूस काउंटरवर उभा असतानाच बघा.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

दाखला दुरुस्त होऊन साडेनऊला मिळाला. अकराला व्हिसा रद्द झाला. दुपारी अण्णा आणि पीआरओ बर दुबईतल्या आपल्या कॉन्सुलेटमध्ये. तिथे तीन कामं एकाच वेळी होतात: मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं आणि ना-हरकत पत्र. मृत्यूची नोंद इथे झाली हे महत्त्वाचं आहे. परदेशात वारलेल्या भारतीय नागरिकाची नोंद कॉन्सुलेटमध्ये होते, आपल्या ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने हे न कळल्याने इथे सहा महिने फेऱ्या मारल्या होत्या.

रद्द झालेला पासपोर्ट परत देतात. अण्णाने फोटो पाठवला. कोपरा कापलेला, आत शिक्का. त्यातला दादाचा फोटो नऊ वर्षांपूर्वीचा, केस दाट. वहिनीने मोबाईल हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही.

इथेच एक चौकशी मी करून ठेवली होती, ती सांगते. मालक खर्च करत नसेल किंवा मालकच नसेल, माणूस व्हिसा संपून राहिलेला असेल, घरची परिस्थिती नसेल, तर भारतीय दूतावासांकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो. २००९ मध्ये तो सुरू झाला, त्याचे नियम २०१७ मध्ये सुधारले. पार्थिव आणण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो, परिस्थिती बघून. आम्हाला लागला नाही. आणि तिथे असे कार्यकर्तेही आहेत जे एक पैसा न घेता ही कामं करतात. अजमानचे अश्रफ थामरशेरी यांना तर याच कामासाठी २०१५ मध्ये प्रवासी भारतीय सन्मान मिळाला. साडेतेरा हजार मागणाऱ्या एजंटाकडे वळण्याआधी हे दरवाजे ठोठवा.

विम्याबद्दल आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं. प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाख अपघाती मृत्यूसाठी आहेत आणि ती सक्तीची आहे ती ईसीआर पासपोर्टवाल्यांना, म्हणजे कामासाठी परदेशी जाताना ज्यांना सरकारची परवानगी लागते त्यांना. दादा दहावी पास, त्याचा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे ती परवानगी न लागणारा, आणि मृत्यू हृदयविकाराने. दोन्हीकडून आम्ही बाहेर. दादा गेल्यानंतर आठवडाभरात, १ मार्च २०२४ पासून, दुबईच्या कॉन्सुलेटने विमा कंपन्यांबरोबर कामगारांसाठी एक योजना सुरू केली. वर्षाला ३७ ते ७२ दिरहम हप्ता, नैसर्गिक मृत्यू धरूनही ३५ ते ७५ हजार दिरहम भरपाई, आणि पार्थिव मायदेशी पाठवायला १२ हजार दिरहमपर्यंत खर्च. घरातलं कुणी यूएईत असेल तर त्याच्या कंपनीने अशी काही योजना घेतली आहे का, हे आजच फोन करून विचारा. हा फोन करायला अवघड जातो, मला माहीत आहे. तरी करा.

बुधवार, २८ फेब्रुवारी

सकाळी पोलिसांकडून सुटकेची पत्रं मिळाली. एम्बामिंग मुहैस्नाच्या केंद्रात झालं, ज्या भागाला आपले लोक सोनापूर म्हणतात. अण्णाला दादाचे कपडे द्यायचे होते. वहिनीने सांगितलं, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी म्हणून त्याने आतापासूनच एक निळा शर्ट घेऊन ठेवलाय, बॅगेत खाली असेल. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. शर्ट होता. अजून पाकिटात.

पेटीचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आपल्याकडची शवपेटी खांद्यापासून पायाकडे निमुळती होत जाते. परदेशातून येणारी पेटी सरळ चौकोनी आणि मोठी. दफनभूमीत नेहमीच्या मापाचा खड्डा खणलेला असेल तर ती उतरत नाही. हे मला आमच्या गावच्या खड्डा खणणाऱ्या काकांनी सांगितलं, "माप माग, पोरी." अण्णाने दादाच्याच टूलबॅगेतली मेजरिंग टेप काढून पेटी मोजली आणि फोटो पाठवला. पिवळ्या टेपवर दादाच्या आडनावाचं पहिलं अक्षर मार्करने लिहिलेलं होतं. लांबी सहा फूट दहा इंच, रुंदी दोन फूट चार इंच. काकांनी प्रत्येक बाजूला सहा-सहा इंच वाढवलं.

कार्गोचा दर. याबद्दल सगळीकडे घोळ आहे, म्हणून जरा थांबून सांगते. काही विमान कंपन्या किलोवर आकारतात, काही ठरावीक रक्कम घेतात. एअर इंडियाने जानेवारी २०१९ मध्ये यूएईतून भारतात कुठेही न्यायला मोठ्यांसाठी १,५०० आणि बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ७५० दिरहम असा एकच दर केला होता. त्याआधी तीही वजनावर घ्यायची. दर बदलत राहतात, त्यामुळे बुकिंगच्या दिवशी 'वजनावर की ठरावीक?' हा प्रश्न विचाराच. आम्हाला त्या रात्रीच्या विमानात जागा मिळाली ती वजनावर आकारणाऱ्या कंपनीत. किलोला १८ दिरहम. एअरवे बिलावर, म्हणजे विमानाने माल पाठवल्याच्या पावतीवर, वजन होतं ११८ किलो.

दादा चौसष्ट किलोचा होता. बाकी पेटी. मी तो कागद हातात धरून वजाबाकी केली आणि मग पहिल्यांदा रडले. पाच दिवस रडायला आलं नव्हतं.

संध्याकाळी माझं इथलं काम सुरू झालं. विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती ऑगस्ट २०२३ पासून ई-केअर नावाच्या पोर्टलवर मिळते, चोवीस तास. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, कॉन्सुलेटचं ना-हरकत पत्र आणि रद्द पासपोर्टची प्रत. एम्बामिंगचा दाखला संध्याकाळीच हातात येतो, त्यामुळे विमान सुटेपर्यंत धावपळ होते. स्कॅन स्वच्छ हवा. मोबाईलवर तिरका काढलेला पहिला फोटो मला परत टाकावा लागला. मंजुरी रात्री उशिरा आली.

पार्थिवासोबत त्याच विमानाने कुणी यावं लागतं का? आमच्याकडे कुणी मागितलं नाही. अण्णा यायला तयार होता, आम्ही नको म्हणालो. तिकिटाचा खर्च होता आणि त्याची चार दिवसांची हजेरी आधीच गेली होती.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

विमान पहाटे उतरलं. आम्ही सहाला सहारच्या कार्गो टर्मिनलला होतो: मी, माझा नवरा आणि अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. बाबांना मी येऊ दिलं नाही आणि ते बरं केलं. प्रवाशांच्या बाहेर पडण्याच्या दाराशी हे होत नाही, मालाच्या गोदामात होतं. फोर्कलिफ्ट, पुठ्ठ्याची खोकी, औषधांचे, मशीनचे ढीग. तिथे आपलं माणूस येणार हे मनाला आधी सांगून ठेवा.

विमान कंपनीकडून डिलिव्हरी ऑर्डर (ताबा द्यायचं पत्र), मग आरोग्य विभाग, मग कस्टम्स. ताबा घेणाऱ्याचं मूळ आधार कार्ड आणि प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स. मी सहा नेल्या होत्या, एक उरली. कस्टम्सच्या साहेबांनी कागद बघितले, एकही प्रश्न विचारला नाही, सही केली आणि उभे राहिले. पेटी बाहेर येईपर्यंत उभेच होते.

साडेनऊला पेटी आली. फिक्या लाकडाची, कडेने स्क्रू, वर चिकटवलेल्या कागदावर दादाचं पूर्ण नाव. मी आडनावाचं शेवटचं अक्षर बघितलं. बरोबर होतं.

सहार ते वसई पन्नासेक किलोमीटर, वर्सोवा पुलावर वाहतूक अडली, घरी पोहोचायला साडेबारा. पेटी उघडायची की नाही, हे आम्ही आदल्या रात्री ठरवलं होतं. अण्णाने एम्बामिंगनंतर चेहरा पाहिला होता. मी त्याला स्पष्ट विचारलं होतं, आईने बघावं असा आहे का? तो म्हणाला, रंग थोडा सावळा झालाय, बाकी दादाच आहे. म्हणून उघडली. तिथल्या माणसाला हा प्रश्न विचारायला संकोच करू नका, घरी पोहोचल्यावर निर्णय घ्यायची ताकद कुणात नसते. स्क्रू काढायला स्क्रूड्रायव्हर लागतो. आमच्या घरात दादाचाच होता.

आईने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. चार वाजता चर्चमध्ये मिस्सा झाली, साडेपाचला माती दिली. खड्डा बरोबर मापाचा होता.

खर्च

दुबईतला एकूण खर्च ६,०४० दिरहम. त्यात एम्बामिंग आणि पेटी मिळून २,८५०, विमानाचा कार्गो किरकोळ शुल्क धरून २,१४०, तिथल्या अॅम्ब्युलन्सच्या दोन फेऱ्या ४४०, आणि दाखले, टायपिंग, साक्षांकन ६१०. रुपयांत एक लाख छत्तीस हजारांच्या आसपास. एजंटाच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. ६१० सोडून बाकी सगळं कंपनीने भरलं. मुंबईत डिलिव्हरी ऑर्डर आणि कार्गोचे मिळून ४,२०० रुपये, अॅम्ब्युलन्स टोल धरून ६,५००. हे आमचे आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील, पण रकाने हेच असतील.

त्या ६१० मधला साक्षांकनाचा खर्च टाळू नका. दाखल्यावर यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि मग आपल्या कॉन्सुलेटचा शिक्का असेल तरच इथली बँक तो मानते. पार्थिव निघाल्यावर हे काम मागे पडतं आणि तिथला माणूस आपल्या कामाला लागतो. दादाचं तिथलं सिमकार्डही लगेच बंद करू दिलं नाही, बँकेचे ओटीपी त्यावर येत होते.

दहा दिवसांत मिळायचं देणं अडीच महिन्यांनी मिळालं. वहिनीच्या नावाचं मुखत्यारपत्र इथे नोटरी, राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मुंबईतलं यूएईचं कॉन्सुलेट अशा चार पायऱ्यांनी जावं लागलं, त्यात वेळ गेला. पार्थिव येण्याची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात ते काम सुरू केलं असतं तर महिना वाचला असता.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे वर्षाला ३० दिवसांचा. दादाचा मूळ पगार १,८०० दिरहम, म्हणजे दिवसाला साठ. २२५ दिवसांचे झाले साडेतेरा हजार. मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा केलं. एजंटाने शुक्रवारी दुपारी मागितलेला आकडा आणि दादाच्या नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी, अगदी सारखे.

पैसे १४ मे रोजी वहिनीच्या खात्यात आले. तिने सगळ्यात आधी अण्णाला फोन केला आणि त्याने खिशातून किती घातले ते विचारलं. तो दोन दिवस टाळत राहिला, मग त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. टायपिंग सेंटर, फोटोकॉपी, साक्षांकनाचे शिक्के, एक एक ओळ तारखेसह, बेरीज ६१०. टॅक्सीचं नाव नव्हतं, चार दिवसांच्या बुडालेल्या हजेरीचं नाव नव्हतं. वहिनीने विचारलं, तर म्हणाला, "भाभी, वो तो मैं अपने भाई के साथ घूम रहा था."